तोंडपाटीलकी : प्लेट कुठे ठेवलीत?

गेल्या अंकात मी ओघात लिहून गेले होते, "तारा काढल्या म्हणजे अर्धं काम झालं." संपादकांनी ते वाक्य चौकटीत टाकलं आणि महिनाभर पत्रं येत राहिली. काही विचारणारी, काही सरळ भांडणारी. एका गृहस्थांनी तर "मग उरलेल्या अर्ध्या कामाचे पैसे परत करा" असं लिहिलंय. ते माझे पेशंट नाहीत, पण मुद्दा पोचला. सांगलीत गेली अठ्ठावीस वर्षं मी दोनच कामं करते: वाकडे दात सरळ करणं, आणि सरळ झालेले तसेच राहावेत म्हणून प्लेट, म्हणजे दात जागेवर धरून ठेवणारा काढघालीचा रिटेनर, लावा असं लोकांच्या मागे लागणं. दुसऱ्यात जास्त दमछाक होते. आलेल्यांपैकी सात पत्रं इथे घेतली आहेत. नावं गाळली, गावं ठेवली.

मॅडम, मी नववीत असताना चार उपदाढा काढून दोन वर्षं तारा लावल्या होत्या. नंतरची प्लेट कॉलेजला जाईपर्यंत लावली. आता मी एकतीस वर्षांची आहे. वरचे दात ठीक आहेत, पण खालचे पुढचे दात पुन्हा एकमेकांवर चढायला लागलेत. इथले डॉक्टर म्हणतात अक्कलदाढांनी ढकललं. आई म्हणते त्या वेळच्या डॉक्टरांनी काम कच्चं केलं. नक्की चुकलं कुणाचं? आणि आता परत दात काढावे लागणार का?
(इचलकरंजी)

निकाल आधी देऊन टाकते. अक्कलदाढ निर्दोष सुटली. त्या वेळच्या डॉक्टरांवरचा आरोप तुमच्या पत्रावरून तरी सिद्ध होत नाही. इतक्या वर्षांनी वरचे दात जागेवर आहेत म्हणजे काम कच्चं नव्हतं. प्लेट कॉलेजात सुटली, तिथे थोडं बोट तुमच्याकडे वळतं. पण मुख्य आरोपी वय आहे, आणि त्याच्यावर खटला चालत नाही.

दात हाडात सिमेंट ओतून बसवलेले नसतात. मूळ आणि हाड यांच्यामध्ये जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा थर असतो, त्यात दात झोळीत टांगल्यासारखा असतो. तारेने हलका दाब दिला की दाबाच्या बाजूचं हाड विरतं आणि मागे जी जागा होते तिथे नवं हाड भरतं. असं करत दात महिन्याला साधारण एक मिलिमीटर सरकतो. म्हणजे आमची सगळी विद्या, हाड ऐकतं, एवढ्यावर उभी आहे. अडचण अशी की ते फक्त आमचंच ऐकत नाही. ओठांचं, जिभेचं, चावण्याच्या दाबाचंही ऐकतं. त्यात हिरडीतले तंतू महाचिवट. पिळलेला दात सरळ केला की ते रबरासारखे ताणून राहतात, आणि त्यांची नवी बांधणी व्हायला वर्षभरही लागतं. तोवर दात माहेरी पळायला बघत असतो. पहिल्या वर्षाची प्लेट असते ती यासाठी.

पण तुमचं तर वर्ष केव्हाच उलटलं. मग? खालच्या दोन सुळ्यांमधलं अंतर बारा-तेराव्या वर्षानंतर हळूहळू कमी होत जातं. तारा लावलेल्यांचंही, कधीच न लावलेल्यांचंही. एस.टी.च्या बाकावर माणसं तेवढीच आहेत आणि बाकच दर वर्षी केसभर आखूड होतोय, असं समजा. कुणीतरी खांदा तिरका करणारच. तुमच्या आईंना त्यांचे स्वतःचे खालचे दात आरशात बघायला सांगा, आणि शेजारी त्यांचा लग्नातला फोटो ठेवा.

अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रॉबर्ट लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ६५ पेशंटांचा अभ्यास मांडला. सगळ्यांचे उपचार तुमच्यासारखेच उपदाढा काढून झालेले, आणि प्लेट बंद होऊन किमान दहा वर्षं झालेली. त्यातल्या साधारण दोन तृतीयांश लोकांचे खालचे पुढचे दात पुन्हा बिघडले होते. कुणाचे बिघडणार आणि कुणाचे टिकणार, हे दातांच्या जुन्या प्लास्टरच्या साच्यांवरून त्यांनाही ओळखता येईना. त्याच विद्यापीठातून १९९० मध्ये अक्कलदाढांचा हिशेब आला. दाढ नीट आलेली, अडकलेली, काढून टाकलेली आणि मुळातच नसलेली, असे गट करून पाहिले. दाटीत फरक दिसला नाही. तरी "अक्कलदाढेनं ढकललं" हे वाक्य आपल्याकडे अजून जोरात चालतं, कारण त्यात डॉक्टरही सुटतो आणि पेशंटही. अक्कलदाढ किडली असेल, तिथली हिरडी सुजत असेल, शेजारच्या दाढेला त्रास देत असेल, तर जरूर काढा. पुढचे दात सरळ राहावेत एवढ्यासाठी काढू नका.

आता माझं सांगते, म्हणजे तुम्हाला बरं वाटेल. मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना तिथल्याच विभागात तारा लावून घेतल्या. तेव्हा बेग पद्धतीचा जमाना होता, ऑस्ट्रेलियातल्या रेमंड बेग यांची. बारीक गोल तारा आणि तोंडभर रबरं. काम देखणं झालं. मग इंटर्नशिपला खेड्यात पोस्टिंग लागलं आणि खालची प्लेट मिरजेला आईच्या कपाटात राहिली, सात महिने. परत आल्यावर ती बसेना. दामटून बसवली, ठणकली, ठेवून दिली. आज माझा खालचा डावा पटाशीचा दात दारात तिरकं उभं राहून "नाही हो, बसत नाही, निघालेच" म्हणणाऱ्या पाहुणीसारखा वळलेला आहे. ऐकत नसलेल्या पेशंटला मी तो मुद्दाम दाखवते. वरची प्लेट मात्र पंचावन्नाव्या वर्षीही रोज रात्री लावते. ती लावल्यावर माझा "स" घसरतो, त्यामुळे रात्री दहानंतर फोन करणाऱ्या नातेवाइकांना वाटतं मी झोपेत बोलतेय.

परत दात काढावे लागतील असं वाटत नाही. दाटी थोडी असेल तर दातांच्या कडा बारीक पट्टीने किंचित घासतात, एका सांध्यात फार तर अर्धा मिलिमीटर, आणि त्या जागेत काही महिन्यांत दात ओळीत येतात. तारेने किंवा दातांवर चढवायच्या पारदर्शक प्लास्टिकच्या ट्रेने. मग आतल्या बाजूने सुळ्यापासून सुळ्यापर्यंत बारीक तार चिकटवून घ्या आणि शिवाय रात्रीची प्लेट. आणखी एक पर्याय आमच्या धंद्यात कुणी मोठ्याने बोलत नाही: काहीच न सरकवणं. हिरड्या चांगल्या असतील, घास नीट चावला जात असेल आणि ही दाटी तुमच्याशिवाय कुणाच्या डोळ्यावर येत नसेल, तर आहे तिथेच थांबावी म्हणून नुसती नवी प्लेट करून घ्या.

माझी मुलगी आठ वर्षांची आहे. वरचे दोन मोठे दात आले, पण मध्ये चांगली फट आहे आणि शेजारचे दोन बाहेर तिरके गेलेत. वर्गात तिला "फटफटी" म्हणतात. आत्ताच तारा लावून टाकाव्यात का? सासूबाई म्हणतात दुधाचे सुळे काढा, म्हणजे जागा होईल.
(बार्शी)

हे नाव शोधणाऱ्या पोराला पुढे जाहिरातीच्या कंपनीत नोकरी नक्की. पण मुलीला सांगा, तिची फटफटी बहुतेक आपोआप थांबेल.

या वयात वरचे कायमचे सुळे अजून हाडातच, उंचावर असतात. ते खाली उतरताना शेजारच्या दातांच्या मुळांना रेटतात, त्यामुळे पुढचे दात पंख्यासारखे फाकतात. ब्रॉडबेंट नावाच्या अमेरिकन तज्ज्ञांनी या अवस्थेला गोष्टीतल्या कुरूप बदकाच्या पिल्लाचं नाव दिलं, आणि ते जगभर रुजलं. अकरा-बाराव्या वर्षी सुळे खाली आले की लहानसहान फट बहुधा मिटते. आत्ता तार लावून ती जबरदस्तीने मिटवायला गेलं, तर उतरणाऱ्या सुळ्याच्या वाटेत आपण शेजारच्या दाताचं मूळ नेऊन ठेवू शकतो.

तरी एकदा दाखवून घ्या. सगळ्या जबड्याचा एक एक्स-रे, ज्याला ओपीजी म्हणतात, पुरेसा आहे. फटीच्या वर हाडात एखादा जादा दात दडलेला असेल किंवा ओठाचा आतला पडदा जाड होऊन दोन दातांमध्ये उतरला असेल, तर वाट पाहून उपयोग नाही. तसंच वरचा एखादा दात खालच्या दाताच्या मागे चावत असेल, अंगठा अजून तोंडात जात असेल, खालचा जबडा पुढे वाटत असेल, तर आठवं वर्ष लवकर नव्हे, अगदी वेळेवर.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि दुधाचे सुळे राहू द्या. दुधाचा दात ही कायमच्या दाताने टाकलेली रुमालाची जागा असते. तो वेळेआधी काढला तर शेजारचे सरकून ती बळकावतात. किडीमुळे दुधाची दाढ काढायची वेळ आलीच, तर तिथे जागा राखणारी छोटी पट्टी बसवून घ्या. स्वतःहून पडलेले दात खुशाल तुळशीत पुरा.

चिरंजीव पुण्याला वसतिगृहात आहेत. तारा निघून दीड वर्ष झालं, एवढ्यात चार प्लेटा गेल्या. पहिली मेसमध्ये, दुसरी गरम पाण्यात धुतली ती वाकडी झाली, तिसरी सुट्टीत आमच्या कुत्र्याने खाल्ली, चौथीचं तो बोलतच नाही. पाचवीचे पैसे मी द्यायचे का? का आता प्लेटशिवाय चालेल?
(लातूर)

कुत्र्याबद्दल मुलावर विश्वास ठेवा. प्लेटला लाळेचा वास असतो आणि कुत्र्यांना ती फार आवडते; माझ्याकडे वर्षाला दोन-तीन तरी चावलेल्या प्लेटा येतात, मालक ओशाळलेले असतात. मेसची गोष्ट तर रोजची. जेवताना काढली, कागदी नॅपकिनात गुंडाळली, ताटासोबत कचऱ्यात गेली. पारदर्शक प्लेट पातळ प्लास्टिकची असते, गरम पाण्यात तिचा आकार जातो. साध्या गार पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवायची. टूथपेस्ट लावून घासली तर ओरखडे पडतात आणि मग तिला वास मारतो.

चौथीचं मी सांगते. ती हरवलेली नाही. काही आठवडे लावली नाही, मग बसेनाशी झाली, आणि आता तो तुम्हाला घाबरतोय.

प्लेटांचा हा छळ जुना आहे. टाळूला गुलाबी ॲक्रिलिक आणि पुढून तार अशी जी प्लेट अजूनही चालते, ती वॉशिंग्टनच्या चार्ल्स हॉली यांची, १९१९ ची. उपचार संपल्यावर माझे पेशंट कुणी सांभाळायला घेत असेल, तर त्याला मी खुशीने अर्धी फी देईन, अशा अर्थाचं बोलणं त्यांच्या नावावर आम्हाला सांगितलं जायचं. शिकताना आम्ही हसलो होतो.

प्लेटशिवाय चालणार नाही. पहिली दोन वर्षं तर नाहीच. चौथी सापडली तर त्याला लावून बघू दे. थोडा ताण देऊन पूर्ण बसत असेल, तर काही दिवस दिवसरात्र लावावी, सैल होते. दातांवर उभीच राहत असेल तर माझ्यासारखी दामटू नये, डॉक्टरांकडे जावं. नवी करताना एकाच साच्यावर दोन करून घ्या, एक लातूरला ठेवा. आणि तो साचा डॉक्टरांकडून मागून घ्या. स्कॅन केला असेल तर त्याची फाइल. २०१९ च्या पुरात माझ्या दवाखान्यातली खालची दोन फडताळं पाण्यात गेली आणि शेकडो पेशंटांच्या प्लास्टरच्या साच्यांचा चिखल झाला. तेव्हापासून मी साचे ज्याचे त्याला देऊन टाकते. त्याच पुरात गावभागातली एक मुलगी बोटीतून बाहेर पडली ती पर्समध्ये दोन डब्या घेऊन, एक आईच्या दागिन्यांची आणि एक प्लेटची. आठवडाभर शाळेतल्या छावणीत सतरंजीवर झोपली, पण रोज प्लेट लावून. तुमच्या चिरंजिवांना हे सांगू नका, दुसऱ्यांच्या पोरांचे दाखले दिलेले कुणालाच आवडत नाहीत. फक्त एवढं सांगा, प्लेट एक तर तोंडात नाही तर डबीत. खिसा, उशी, नॅपकिन, कॉम्प्युटरचं टेबल, काही नाही. डबी भडक रंगाची घ्या.

पाचवीचे पैसे तुम्ही द्या. मग त्याच्याकडून हप्त्याने वसूल करा.

माझं लग्न बारा आठवड्यांवर आलंय. वरचे दोन दात थोडे पुढे आहेत आणि एक वळलेला आहे. मुलाकडच्यांचं म्हणणं, फोटोत तारा दिसायला नकोत. एका ठिकाणी मला तीन भेटींत "स्माइल" बदलून देतो म्हणाले. करू का?
(जयसिंगपूर)

तीन भेटींत दात सरकत नाहीत, घासले जातात. पुढचे चार-सहा दात झिजवायचे आणि वर पांढऱ्या टोप्या चढवायच्या, असा तो प्रकार असणार. किडका, तुटका दात असेल तर टोपी हे चांगलं काम आहे. पण तरुण मुलीचे धडधाकट दात, एक वळलाय म्हणून घासायचे? त्या टोप्या जन्मभर टिकत नाहीत, काही वर्षांनी बदलाव्या लागतात. घासलेलं इनॅमल मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही. करू नकोस.

पूर्ण उपचाराला साधारण दीड-दोन वर्षं लागतात. तेव्हा दोनच रस्ते. एक, आत्ता दात स्वच्छ करून घे, आहेत त्या दातांनी हस, आणि लग्नानंतर सावकाश सुरू कर. दुसरा, आत्ताच सुरू कर. तार अडकवायला दातांच्या रंगाची सिरॅमिकची बटणं बसवतात, आणि लग्नाच्या दोन-चार दिवसांपुरती पुढची तार काढून देता येते. माझ्या चार-पाच नवऱ्यामुलींनी असं केलंय. त्यात आपल्या भागाची एक गंमत आहे. बटणांवर जी पारदर्शक रबरं लावतात, ती हळदीने एका जेवणात पिवळीधमक होतात. पिठलं, आमटी, तांबडा रस्सा, काहीही चालतं त्यांना. हळदीच्या बाजारपेठेच्या गावात दवाखाना चालवून मी शहाणी झालेय. राखाडी रबरं वापरते. हळदीच्या दिवशी हळद अंगाला लाव, जेवण दुसऱ्या दिवसावर ढकल.

मुलाकडच्यांना फोटोची काळजी आहे, ठीक आहे. तुला स्वतःला हे दात खटकतात का, ते पत्रात कुठेच नाही.

वय ५२. दात कायम सरळ होते, कधी कीडही नाही. गेल्या चार वर्षांत वरचे पुढचे दात पसरत चाललेत, मध्ये काडी जाईल एवढी फट पडलीय. मागच्या तीन दाढा आधीच काढल्यात. मुलीला तारा लावल्या तेव्हा तिचे दात सुंदर झाले. मलाही लावता येतील का? शुगर आहे, गोळी चालू आहे. तंबाखू थोडी.
(नांदेड)

"थोडी" या शब्दावर मी आता काही बोलत नाही.

तुमच्या मुलीचे दात वाकडे होते, तुमचे सैल झालेत. दिसायला सारखं, आजार वेगळा. पन्नाशीच्या आसपास पूर्वी सरळ असलेले दात फाकायला लागले, की पहिला संशय पायोरियाचा, म्हणजे हिरडीखालच्या हाडाच्या झिजेचा. रक्तातली साखर जास्त राहिली की ही झीज वाढते, आणि हिरडीतला जंतुसंसर्ग साखर आवरू देत नाही. तंबाखू आणखी एक लबाडी करते: हिरडीतून रक्त येणं कमी करते, त्यामुळे माणसाला वाटतं सगळं ठीक आहे. शिवाय तुमच्या तीन दाढा गेल्या. चावण्याचा भार मागे घ्यायला कुणी नाही, तो पुढच्या दातांवर आला. ते चावायच्या भाराचे नाहीतच, बाहेर ढकलले गेले.

अशा तोंडात सरळ तारा लावल्या तर दात आणखी वेगाने सैल होतील. आधी हिरड्यांच्या तज्ज्ञाकडे जा. किटण मुळापर्यंत साफ करणं, गरज पडली तर शस्त्रक्रिया, तीन महिन्यांची सरासरी साखर तपासणं, तंबाखू बंद, मग काही महिने थांबून हिरड्या शांत झाल्याची खात्री. त्यानंतर अगदी हलक्या दाबाने तारा लावता येतात, बावन्नाव्या वर्षीही. वयाची आडकाठी नाही. माझा सगळ्यात वयस्क पेशंट सदुसष्ट वर्षांचा निवृत्त मुख्याध्यापक होता आणि सगळ्यात शिस्तीचाही तोच. फक्त तुमच्या बाबतीत दात नंतर आतून तारेने एकमेकांना बांधूनच ठेवावे लागतील, कायमचे, आणि मागच्या दाढा बसवाव्या लागतील. खर्चाची अडचण असेल तर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा. हिरड्यांचा आणि तारांचा, दोन्ही विभाग तिथे आहेत. महिना घालवू नका.

मी इथे मस्कतला पारदर्शक ट्रेने उपचार घेतले, चौदा महिने. आता डॉक्टर म्हणतात, शेवटच्या ट्रेसारखीच एक प्लेट रोज रात्री, आणि खाली मागून तार. जाहिरातीत हे कुठे नव्हतं. तारा नव्हत्याच, तर प्लेट कशाला?
(मस्कत)

दाताला कळत नाही हो, त्याला तारेने सरकवलं की प्लास्टिकने. हाड तेच, तंतू तेच.

गंमत म्हणजे हे ट्रे जन्मालाच प्लेटमुळे आले. झिया चिश्ती नावाचा तरुण कॅलिफोर्नियात शिकत असताना मोठेपणी तारा लावून मोकळा झाला होता. त्याला पारदर्शक प्लेट मिळाली, ती लावायला तो विसरायचा, दात सरकायचे, आणि पुन्हा लावली की ती दात परत जागेवर ओढायची. अशा प्लेटांची मालिकाच केली तर, असं त्याच्या डोक्यात आलं आणि १९९७ मध्ये त्याने केल्सी वर्थ हिच्यासोबत कंपनी काढली. इनव्हिजलाइन हे ट्रे तिचेच. तेव्हा तुम्हाला सांगितलं नसेल तर ते जाहिरात करणाऱ्याचं चुकलं, तुमच्या डॉक्टरांचं नाही.

मागच्या तारेचं एक लक्षात ठेवा. ती एका दातावरून सुटली तरी दुखत नाही, कळतही नाही, आणि तेवढाच दात निसटतो. दर पंधरा दिवसांनी प्रत्येक दातामागे जिभेने किंवा नखाने चाचपून बघा. तारेखालून सुईसारख्या टोकाचा फ्लॉस घालून साफ करा, किटण सगळ्यात आधी तिथेच साठतं. सुट्टीवर गावी आलात की दाखवायला या म्हणणाऱ्यांकडेच जा, असंही काही नाही. तिथल्या तिथे दाखवा.

मॅडम, मी चौदा वर्षांचा आहे. माझ्या पुढच्या दोन दातांत फट आहे. एका व्हिडिओत बघून मी दोन दातांना रबर लावतो, रात्री झोपताना. फट खरंच कमी झाली. पण परवाचं रबर सकाळी दिसलं नाही, बहुतेक गिळलं. हिरडी दुखते. किती दिवस अजून लावू?
(तासगाव)

या पत्राला मासिकातून उत्तर द्यायला वेळ नव्हता. पाकिटावर फोन नंबर होता, मी त्याच दुपारी लावला, आणि संध्याकाळच्या गाडीने आई त्याला घेऊन आली. आईला विचारूनच हे छापते आहे.

रबर गिळलेलं नव्हतं. पुढच्या दाताचं मूळ टोकाकडे निमुळतं होत जातं, त्यामुळे दातावरचं रबर एकदा हिरडीखाली सरकलं की आपोआप वर वर चढत जातं, आणि जाताना दाताला धरून ठेवणारे तंतू आणि हाड कापत नेतं. एक्स-रेत रबर दिसत नाही, फक्त त्याने केलेलं नुकसान दिसतं. हे माहीत नसेल तर हिरडीला सूज आलीय म्हणून गोळ्या देत बसतात, आणि शेवटी दोन्ही निरोगी दात हातात येतात. त्याच्या डाव्या दातापाशी बारीक हत्याराने शोधलं तेव्हा हिरडीच्या आत चार मिलिमीटरवर ते सापडलं. दोन्ही दात हलत होते. शेजारच्या दातांना तारेने बांधून ठेवलेत.

ज्याच्या घरी असं पोर असेल त्याने आजच बॅटरी घेऊन तोंडात बघावं. विचारू नका, बघा. पोरं सांगत नाहीत.

फट बंद झालेली होती, हेही खरं. खुर्चीवरून उतरताना त्याने आरसा मागितला आणि बराच वेळ बघत राहिला. आईने पिशवीतून रबरांचं पाकीट काढून माझ्या टेबलावर ठेवलं. किराणा दुकानात पुड्यांना लावतात तसली, लाल आणि पिवळी. पुढच्या गुरुवारी परत बोलावलंय.